गरम नारळपाणी आणि गप्प ग्रुप

खोबऱ्याचे दोन-तीन पातळ काप कपात टाकायचे, वर गरम पाणी ओतायचं आणि ते पाणी रोज प्यायचं. पाणी ‘अल्कलाइन’ होतं, कर्करोगाच्या पेशी मरतात, आणि वाचणाऱ्या प्रत्येकानं हा निरोप आणखी दहा जणांना पाठवला तर एक तरी जीव नक्की वाचेल. या आशयाचा मजकूर तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला असेल. तो घरच्याच कुणी पाठवलेला असतो आणि त्यात नाव असतं मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं. २०१९ मध्ये टाटा मेमोरियलला जाहीर खुलासा करावा लागला की डॉ. बडवे असं काहीही म्हणालेले नाहीत आणि या उपायाला कसलाही वैज्ञानिक आधार नाही. मजकूर तरीही फिरत राहिला.

हाच मजकूर लिंबाच्या फोडी घालूनही फिरतो आणि अननसाचे काप घालूनही. तिथे बीजिंगच्या लष्करी रुग्णालयातल्या कुण्या प्राध्यापकाचं नाव असतं. आपल्याकडे येताना लिंबाचा नारळ झाला आणि बीजिंगचं परळ झालं. ही निवड नेमकी आहे. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून आलेली माणसं पेशंटच्या फायली उशाशी घेऊन झोपतात. तिथं आपला माणूस वाचेल हा त्यांचा विश्वास आहे. खोट्या मजकुरानं उसना घेतला आहे तो हाच विश्वास.

यातलं विज्ञान आधी निकालात काढू. माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. तो तसा ठेवण्याचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात. कपातलं पाणी कसंही असलं तरी आधी ते जठरातल्या तीव्र आम्लात पडतं. शहाळ्याचं पाणी तर मुळात किंचित आम्लधर्मीच असतं. गाठीच्या आसपासचा भाग आम्लधर्मी असतो हे खरं आहे. पण ते आम्ल त्या पेशीच तयार करतात, कारण त्या साखर वेगळ्या पद्धतीनं जाळतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात हे दाखवून दिलं. आम्ल हा रोगाचा परिणाम आहे. मजकूर तोच उलटा करून कारण म्हणून सांगतो.

एवढं समजायला दहावीचं रसायनशास्त्र पुरतं. म्हणून मला खरा प्रश्न वेगळा वाटतो. चाळीस-पन्नास जणांच्या कौटुंबिक ग्रुपवर हा मजकूर पडतो तेव्हा पुढे काय होतं? दोघं-तिघं हात जोडल्याची इमोजी टाकतात. एखादी मावशी ‘खूप उपयुक्त माहिती’ असं लिहिते. एक-दोघं तो सोसायटीच्या ग्रुपवर ढकलतात. उरलेल्यांपैकी निम्म्यांना तरी हे थोतांड असल्याचं कळलेलं असतं. त्यांत एखादी नर्स असते, एखादा फार्मासिस्ट, विज्ञान शिकवणारे एखादे मास्तर. ते वाचतात आणि पुढे जातात. आरोग्याच्या अफवांबद्दल बोलताना आपण पाठवणाऱ्यांची फार चर्चा करतो, गप्प बसणाऱ्यांची जवळजवळ नाहीच.

या गप्प बसण्याचा अभ्यास झालेला आहे. प्रणव मल्होत्रा आणि केटी पियर्स या संशोधकांनी भारतातल्या तरुणांशी सविस्तर बोलून विचारलं, की घरातली मोठी माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर खोटी माहिती टाकतात तेव्हा तुम्ही काय करता? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातली उत्तरं आपल्याला ओळखीची वाटतील. खोटं काय आहे हे त्या मुलांना कळत होतं. अडचण होती ती मान राखण्याची. चारचौघांत काकांना चुकीचं ठरवलं तर काकांचा अपमान, आणि ‘आमचं शिक्षण काढतोस का’ हा टोला ठरलेला. त्यामुळे कुणी विषय सोडून देतं, कुणी नंतर घरी बोलताना हळूच काढतं, कुणी शब्द तोलूनमापून सौम्यपणे लिहितं. ही भिडस्त माणसं बेपर्वा नाहीत. त्यांना नाती जपायची आहेत, आणि ती जपलीच पाहिजेत.

पण त्या गप्प राहण्याची किंमत कुणीतरी मोजतं. एप्रिल २०२० मध्ये आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात दहाबारा जणांना दवाखान्यात हलवावं लागलं. टिकटॉकवरचा व्हिडिओ पाहून त्यांनी धोतऱ्याच्या बिया वाटून प्यायल्या होत्या. धोतऱ्याचं बोंड काटेरी असतं, बातम्यांत दाखवल्या जाणाऱ्या करोना विषाणूच्या चित्रासारखं दिसतं, म्हणून ते त्यावर औषध, असा तो तर्क. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळायला लागतो, जास्त गेलं तर जिवावर बेततं. हे आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याला ठाऊक असतं. त्या घरात ते बोलणारं त्या क्षणी कुणी नव्हतं.

नारळपाण्यानं विषबाधा होत नाही हे कबूल. त्याचा अपाय वेगळ्या वाटेनं होतो, वेळ खाऊन. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील स्कायलर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बरा होण्याजोग्या टप्प्यावर कर्करोगाचं निदान झालेल्या, पण नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपाय घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना त्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी केली. पर्यायी उपायांवर विसंबलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटीहून अधिक होता. हा आकडा मला फार छळतो, कारण स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. छातीत गाठ हाताला लागलेली एखादी बाई आधीच लाजेनं आणि भीतीनं दोन महिने काढते. त्यात कुणी तिला आणखी तीन महिने काढा प्यायला लावला, तर ते तीन महिने परत आणता येत नाहीत.

मग लोक असलं काही का पाठवतात? ते मूर्ख असतात म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि चूक आहे. गॉर्डन पेनीकुक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सतराशेहून अधिक अमेरिकी लोकांवर करोनाविषयक बातम्यांचे प्रयोग केले. ‘ही बातमी खरी वाटते का?’ असं थेट विचारलं की लोक खऱ्याखोट्यात बऱ्यापैकी फरक करत. ‘ही पुढे पाठवाल का?’ असं विचारलं की तो फरक पुसट होई. म्हणजे समज असते, पण बोट ‘फॉरवर्ड’वर जातं तेव्हा ती जागी नसते. सुरुवातीला एका साध्या, असंबंधित बातमीच्या खरेपणाबद्दल मत विचारलं, एवढ्यानंही नंतर काय पाठवायचं याबद्दलची निवड सुधारली.

कर्करोगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, ती प्रयोगशाळेत सापडत नाही. घरात निदान झालं की शंभर नातेवाइकांना काहीतरी करावंसं वाटतं, आणि त्यांच्या हातात करण्यासारखं फारसं काही नसतं. केमो डॉक्टर देणार, पैसे एक-दोघं उभे करणार, दवाखान्यात एकच जण थांबणार. बाकीच्यांनी करायचं काय? तो मजकूर त्यांना एक काम देतो. पुण्याच्या काकू नागपूरच्या भाच्याला नारळपाण्याचा निरोप पाठवतात तेव्हा त्या ‘मला तुझी काळजी आहे’ असं म्हणत असतात. म्हणून त्यावर कुणी फटकन ‘फेक आहे’ असं लिहिलं की त्यांना ती आपल्या काळजीची हेटाळणी वाटते.

फेसबुकसारख्या ठिकाणी एखाद्या पोस्टवर तथ्य-पडताळणीची पट्टी लावता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती सोय नाही. तिथला संवाद कूटबद्ध असतो, आपण काय लिहिलं हे कंपनीलाही वाचता येत नाही. ते तसंच असायला हवं. कंपनी करू शकते ते वेगावरचं नियंत्रण. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० पासून अनेक हातांतून फिरून आलेला, दुहेरी बाणाचा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. त्यानंतर अशा मजकुराचा फैलाव ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. तरी जो मजकूर आपल्या ग्रुपवर येऊन पडला, त्याला उत्तर द्यायला त्या ग्रुपमधल्या माणसांशिवाय जगात दुसरं कुणीही नसतं. सरकारी खुलासा नाही, टाटाचं पत्रक नाही, वर्तमानपत्रातला लेखही नाही. यातलं काहीही तिथे आपणहून पोहोचत नाही, कुणीतरी ते तिथे न्यावं लागतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हे फार ठळकपणे दिसलं. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की कडुनिंब, हळद, लिंबूपाणी आणि साखर-दूध बंद अशा आहारानं त्यांच्या पत्नीला चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगातून बाहेर पडायला मदत झाली. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी लगेच पत्रक काढलं. या पदार्थांवर संशोधन चालू असलं तरी त्यांनी कर्करोग बरा होतो असं म्हणायला पुरावा नाही, त्या बाईंवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली होती आणि त्या बऱ्या झाल्या त्यामुळे, उपचार लांबवू नका, असं त्यात म्हटलं होतं. पुढे सिद्धूंनीही हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानं, उपचारांच्या जोडीनं घेतल्याचा खुलासा केला. पण पहिला व्हिडिओ हसरा, घरगुती आणि पाहायला सोपा होता, आणि पत्रक हे पत्रक होतं. ज्या ग्रुपवर व्हिडिओ आला, त्या प्रत्येक ग्रुपवर पत्रक गेलं का, हे तुम्ही तुमच्या फोनवर आजही पाहू शकता.

‘सांगून काही उपयोग नाही, उलट ते आणखी हट्टाला पेटतात’ हे वाक्य मी सुशिक्षितांकडून सर्वांत जास्त ऐकतो. त्याला एके काळी शास्त्रीय आधारही होता. २०१० मध्ये ब्रेंडन नायहन आणि जेसन रीफलर या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवलं की काही राजकीय समजुतींच्या बाबतीत दुरुस्ती वाचल्यावर काही लोकांची चुकीची समजूत अधिकच पक्की झाली. ही कल्पना फार गाजली. पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर ५२ वेगवेगळ्या मुद्द्यांवर तोच परिणाम शोधला. २०१९ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. असा उलटा परिणाम त्यांना एकाही मुद्द्यावर सापडला नाही. लोक बहुतेक वेळा खऱ्या माहितीकडे थोडे का होईना सरकतात. २०२१ मध्ये खुद्द नायहन यांनी लिहिलं की खोट्या समजुती टिकून राहतात त्याचं कारण हा उलटा परिणाम नव्हे. दुरुस्तीचा असर हळूहळू ओसरतो, आणि ज्यांना तिची गरज असते त्यांच्यापर्यंत ती पुरेशी पोहोचत नाही, हा त्यांचा मुद्दा. विज्ञानाची मला आवडणारी बाजू ही आहे. गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासला गेला आणि ज्यांनी तो मांडला त्यांनीच तो सैल केला. आपण मात्र जुन्या निष्कर्षाची ढाल करून गप्प बसलो आहोत.

याहून महत्त्वाचं काम लेटिशिया बोड आणि एमिली व्रागा या दोघींचं. ब्राझीलमध्ये झिका पसरला तेव्हा जनुकीय बदल केलेल्या डासांमुळे ही साथ आली अशी अफवा होती. या दोघींनी फेसबुकसारखं पान तयार करून ती अफवा लोकांना दाखवली आणि खाली दुरुस्ती ठेवली. काहींना ती संकेतस्थळाच्या यंत्रणेनं दिलेली दिसली, काहींना दुसऱ्या सामान्य वापरकर्त्यांनी दिलेली. दोन्हींमुळे वाचणाऱ्यांची चुकीची समजूत कमी झाली. ध्यानात घ्या, इथे मोजलं गेलं ते अफवा पाठवणाऱ्याचं मन नव्हे, तर बाजूला उभं राहून वाचणाऱ्यांचं. त्यांच्या नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की सामान्य माणसानं दुरुस्ती करताना विश्वासार्ह आधार जोडला तरच ती नीट लागू पडते.

ग्रुपवर लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर फक्त काका असतात. काका ऐकतील का, रागावतील का? पण तिथे आणखी अडतीस जण वाचत असतात. त्यांतल्या एकीला कालच गाठ लागलेली असू शकते आणि तिनं अजून कुणालाही सांगितलेलं नसू शकतं. काकांचं मत बदललं नाही तरी तुमची दोन वाक्यं तिच्यापर्यंत जातात. सुमित्रा बद्रीनाथन आणि सायमन शोशार यांनी भारतातल्या व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांवर प्रयोग केले, तेव्हा ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणी केलेल्या अगदी छोट्याशा दुरुस्तीनंही अफवेवरचा विश्वास घटला. लांबलचक, विद्वत्तापूर्ण उत्तर लागलं नाही.

ते लिहायचं कसं, यात कौशल्य आहे. ‘काका, तुम्ही आठवणीनं पाठवलंत, बरं वाटलं. हा निरोप टाटाच्या नावानं फिरतोय, पण तो आमचा नाही असं टाटानेच २०१९ मध्ये कळवलंय, बातमी सोबत देतोय. कुणाला गाठ किंवा न भरणारी जखम असेल तर आधी डॉक्टरांना दाखवू या, मी सोबत येईन.’ एवढं पुरे. काळजीची कदर आधी, खरी गोष्ट आधाराला धरून, आणि शेवटी करण्यासारखं एक काम. हे तिसरं फार जरुरीचं आहे. स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे की एखादी माहिती खोटी असल्याचं सांगितल्यावरही, तिच्या जागी दुसरं काही मिळालं नाही तर मन तिचाच आधार घेत राहतं. नारळपाणी काढून घेतलंत तर हातात दुसरं काहीतरी द्या. रक्तदाता शोधणं, परळला राहण्याची सोय विचारणं, केमोच्या दिवशी डबा नेणं ही सगळी खरी कामं आहेत.

‘पण औषधं झाडापासूनच येतात ना?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो झटकून टाकू नये. आपल्या अंगणातल्या सदाफुलीचंच बघा. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात तिचा अर्क तपासला तो मधुमेहासाठी. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हाती आलं, पुढे व्हिनक्रिस्टिन मिळालं, आणि आज रक्ताच्या कर्करोगाच्या कितीतरी लहान मुलांना ते दिलं जातं. त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, नसांवर परिणाम होतोय का यावर लक्ष ठेवून. पान चावून ती मात्रा ठरत नाही. झाडात औषध असतं हे म्हणणाऱ्याला आधी हो म्हणावं आणि मग पुढची गोष्ट सांगावी.

लोकांच्या प्रतिसादाचा एक वेगळा नमुना जून २०२१ मध्ये नाशिकला दिसला. करोना लसीचा दुसरा डोस घेतलेल्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या अंगाला नाणी, चमचे, झाकण्या चिकटत असल्याचे व्हिडिओ आले आणि घरोघर लोकांनी शर्ट काढून चमचे लावून पाहिले. अर्ध्या मिलिलिटरच्या त्या लसीत कुठलाही धातू नाही हे सरकारनं सांगितलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीही याचा लसीशी संबंध नसल्याचं स्पष्ट केलं. मला त्या घरोघरच्या प्रयोगांत चांगलंच काहीतरी दिसतं. लोकांना स्वतः तपासून पाहायचं होतं! त्यांना फक्त पुढची पायरी सांगायला हवी होती. अंगाला टाल्कम पावडर लावा आणि पुन्हा चमचा ठेवा. घाम आणि त्वचेच्या तेलकटपणामुळे आलेली पकड सुटते, चमचा पडतो. लस न घेतलेल्याच्या घामट अंगाला तोच चमचा चिकटवून बघा. तुलना कशाशी करायची हे कळलं की तो व्हिडिओ घरच्या घरी निकालात निघतो.

हे शिकवता येतं का? बद्रीनाथन यांनीच २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये प्रौढांना घरी जाऊन तासभर शिकवून पाहिलं होतं. विषय राजकीय होते आणि सरासरीनं काहीच फरक पडला नाही. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या मदतीनं बिहारमधल्याच सुमारे साडेतेरा हजार शाळकरी मुलांवर प्रयोग केला आणि त्यांतल्या काहींना ग्रंथालयांत अनेक आठवडे वर्ग घेऊन शिकवलं. भर आरोग्याच्या अफवांवर होता. या मुलांची खरंखोटं ओळखण्याची क्षमता वाढली आणि चार महिन्यांनंतरही टिकून होती. त्यांच्या पालकांमध्येही सुधारणा दिसली. मुलं घरी जाऊन बोलली होती.

महाराष्ट्रात ग्रंथालयं आहेत, शाळांत विज्ञान मंडळं आहेत, अंधश्रद्धा निर्मूलनाची कित्येक दशकांची चळवळ आहे. असे वर्ग इथे सुरू व्हायला हवेत आणि त्यासाठी शिक्षण खात्याकडे आग्रह धरायला हवा. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुम्हाला ठाऊक असेल आणि समोर खोटं येऊन पडलं असेल, तर दोन ओळी लिहा, आदरानं आणि आधार जोडून. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या दिसल्या तर त्या व्यक्तीला एकटं पडू देऊ नका, खाली ‘बरोबर आहे, मीही वाचलंय’ एवढं तरी टाका.